नंबर जातो, डोळा तोच राहतो

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, नेत्रवैद्यक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आजच्या बोलण्यातला वैद्यकीय भाग एका नेत्रतज्ज्ञ स्नेह्यांकडून तपासून घेतलेला आहे. तरी तो तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेणार नाही. मग तत्त्वज्ञानाच्या माणसानं चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलायचं कशाला? त्याचं कारण आमच्या गल्लीतला एक मुलगा.

इथंच प्राधिकरणात राहतो. वडील चाकणला कंपनीत. मुलानं डिप्लोमा केला आणि रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं मनाशी पक्कं केलं. आकुर्डी स्टेशनवर लोकलची वाट बघताना बाकीची मुलं मोबाइलमध्ये आणि हा इंजिनाकडे बघत उभा, असा मुलगा. त्याला मायनस साडेतीनचा चष्मा. कुणीतरी सांगितलं, ‘तिथं चष्मा चालत नाही, लेझर करून घे.’ घरच्यांनी पैसे जमवले. शस्त्रक्रिया झाली आणि अगदी उत्तम झाली. दोन्ही डोळ्यांनी सहा बाय सहा. नंतर भरतीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचली, तेव्हा वैद्यकीय अटींत लिहिलेलं सापडलं : नंबर घालवण्यासाठी लेसिक किंवा तशी दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला पात्र नाही.

आता नीट बघा. या पदासाठी बिनचष्म्याची सहा बाय सहा दृष्टी लागते, म्हणजे साडेतीन नंबर असताना तो आधीच बाहेर होता. शस्त्रक्रियेनं त्याची नोकरी घालवली असं म्हणता येणार नाही. गेले ते पैसे आणि क्लासमध्ये घातलेलं दीड वर्ष. चूक कुणाची? डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं. त्यांनी ‘कशासाठी करतोयस?’ असं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, ‘सर, डोळा तर बरा झाला ना? मग का नाही घेत?’

या ‘बरा झाला’ शब्दापाशी आम्ही अडकलो. आजारी काय होतं, की जे बरं झालं?

डोळ्याचं काम कसं चालतं ते थोडक्यात बघू. आपल्याकडे न्यायदर्शनात डोळा हे तैजस इंद्रिय मानलं आहे. डोळ्यातून किरण बाहेर जातात, वस्तूला भिडतात आणि मग ज्ञान होतं, अशी ती कल्पना. रात्री मांजराचे डोळे चमकतात हा त्यातला एक आधार. आज आपल्याला माहीत आहे की प्रकाश बाहेरून आत येतो. डोळ्याच्या अगदी पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक, फुगीर पडदा असतो. मराठीत त्याला पारपटल म्हणतात. दवाखान्यात सगळे कॉर्निया म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम हा कॉर्नियाच करतो. उरलेलं आतलं भिंग करतं. मागं दृष्टिपटल, म्हणजे रेटिना. तिथं प्रतिमा पडते.

मायनस नंबरवाल्याचा डोळा बहुधा पुढून मागे जरा लांब असतो. त्यामुळे प्रतिमा रेटिनाच्या अलीकडेच जुळते आणि दूरचं धूसर दिसतं. यावर तीन उपाय. डोळ्यापुढे काच धरा, तो चष्मा. डोळ्यावर भिंग ठेवा, ती कॉन्टॅक्ट लेन्स. नाही तर कॉर्नियाचाच आकार बदला, ही लेझर शस्त्रक्रिया. डोळ्याची लांबी मात्र तिन्हींत कुणीच बदलत नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण टर्नर, ग्राइंडर, क्वालिटीतले असतील, किंवा त्यांचे आईवडील. तुम्हाला मायक्रॉन शिकवायला नको. कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन असते. लेसिकमध्ये आधी वरचा शंभर-एकशेवीस मायक्रॉनचा पातळ पापुद्रा कापून झाकणासारखा उघडतात, खाली लेझरनं आकार देतात आणि झाकण परत बसवतात. एक नंबर घालवायला ढोबळमानानं बारा ते पंधरा मायक्रॉन ऊती काढावी लागते. झाकणाखाली निदान अडीचशे मायक्रॉन तरी शिल्लक राहिले पाहिजेत, असा जुना दंडक आहे. पुष्कळ डॉक्टर त्याहून जास्तच राखतात.

आता हिशेब करा. कॉर्निया 540, नंबर मायनस सहा. झाकणाचे 110 गेले, नंबराचे चौऱ्याऐंशीएक गेले, साडेतीनशेच्या आसपास उरले. ठीक. दुसरा माणूस : कॉर्निया 480, नंबर मायनस दहा. 110 आणि वर 130 गेले की 240 उरतात. जॉब टॉलरन्सच्या बाहेर. शाफ्टवरून मटेरियल जास्त निघालं तर काय होतं, तुम्ही जाणता. काढलेलं परत लावता येत नाही. वर्कशॉपमध्ये तो शाफ्ट बाजूला टाकून दुसरा बार लावता येतो. इथं दुसरा बार नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच : माझ्या कॉर्नियाची जाडी किती, त्यातली किती जाणार आणि किती उरणार? तीन आकडे. जे डॉक्टर हे आकडे कागदावर लिहून देतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

जाडी हा एक भाग झाला. आकार हा दुसरा आणि तो जास्त घातक. काही जणांचा कॉर्निया नुसता पातळ नसतो, तो हळूहळू शंकूसारखा पुढे येत असतो. याला केराटोकोनस म्हणतात. डोळ्यांना ॲलर्जी असणारी, सतत डोळे चोळणारी मुलं, घरात कुणाला हा त्रास असलेली मुलं यांच्यात तो जास्त आढळतो. सुरुवातीला तो चष्म्याच्या तपासणीत कळतोच असं नाही. कॉर्नियाचा नकाशा काढावा लागतो, त्याला टोपोग्राफी म्हणतात. असा कॉर्निया लेझरनं आणखी पातळ केला तर तो फुगत जातो आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. ज्याच्या नकाशात संशय आहे त्याला डॉक्टर ‘नाही’ म्हणतात. ते ‘नाही’ ऐकून लोक दुसऱ्या दवाखान्यात ‘हो’ शोधायला जातात. आमच्या मते या संपूर्ण विषयातला सगळ्यात मौल्यवान सल्ला म्हणजे तपासणीनंतर मिळालेला नकार. त्याचे पैसे द्यायला मात्र आपल्या जिवावर येतं.

पद्धती बऱ्याच आहेत, त्यांच्या नावांत फार अडकू नका. पीआरकेमध्ये झाकण कापत नाहीत, वरची नाजूक त्वचा बाजूला करून पृष्ठभागावरच लेझर मारतात. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर सावकाश स्थिरावते, पण झाकणच नसल्यामुळे मार लागून ते सरकण्याची भीती नाही. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंगवाल्यांना म्हणून ती सुचवतात. स्माइलमध्ये आतल्या आत एक पातळ चकती तयार करून छोट्या छेदातून बाहेर काढतात. कॉर्निया पातळ आणि नंबर मोठा असेल तर डोळ्यात, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, एक जादा भिंग बसवतात. गरज पडली तर ते काढताही येतं, पण ती डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे आणि तिचे धोके वेगळे आहेत. कुठली पद्धत ‘लेटेस्ट’ यापेक्षा ती तुमच्या नकाशाला का योग्य, हे विचारा.

या लेझरची जन्मकथा आपल्या औद्योगिक पट्ट्यात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे भारतीय असलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी एक्सायमर लेझरनं प्लास्टिकवर बारीक कोरीव काम करत होते. 1981 च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी घरचं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर तो लेझर मारला. कडा न जळता स्वच्छ खाच पडली. त्या 193 नॅनोमीटरच्या किरणांनी रेणूंचे बंधच तुटत होते, आजूबाजूला चटका बसत नव्हता. तिथून नेत्रतज्ज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. अमेरिकेत पीआरकेच्या लेझरला 1995 मध्ये मान्यता मिळाली, लेसिकच्या यंत्रांना त्यानंतर काही वर्षांत.

त्याआधी, सत्तरच्या दशकापासून, मॉस्कोच्या फ्योदोरोव्ह यांनी हिऱ्याच्या पात्यानं कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. लोक दुसऱ्या दिवशी चष्मा फेकून घरी जात. अमेरिकेत त्यावर दहा वर्षं पाठपुरावा करून अभ्यास झाला. 1994 मध्ये निष्कर्ष आला की 43 टक्के डोळ्यांचा नंबर शस्त्रक्रियेनंतर हळूहळू उलट्या दिशेनं, प्लसकडे, एक किंवा त्याहून अधिक सरकला होता. आजचा लेझर त्यापेक्षा खूप सुरक्षित आहे, तुलना करून घाबरवायचं नाही. पण ‘दुसऱ्या दिवशी काय दिसलं’ आणि ‘दहा वर्षांनी काय दिसलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरातीत पहिल्याचंच उत्तर असतं.

आणखी एक अभ्यास सांगतो, कारण त्यात आमच्या विषयाचा माल आहे. लेसिक केलेल्यांना त्यांचाच अनुभव विचारणारा एक अभ्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इतर सरकारी संस्थांबरोबर केला. 2017 मध्ये तो छापून आला. एका गटात नौदलातली माणसं, दुसऱ्यात साधे नागरिक. शंभरातले पंच्याण्णवहून जास्त जण म्हणाले, आम्ही समाधानी आहोत. त्याच अभ्यासात, आधी कसलाही दृष्टिदोष न जाणवणाऱ्यांपैकी 43 ते 46 टक्के लोकांना तीन महिन्यांनी निदान एक तरी नवीन त्रास जाणवत होता : दिव्याभोवती वलय, चकाकी, तिरीप, दुहेरी प्रतिमा. रोजची कामं करणं फार अवघड झालं असे लोक एक टक्क्याहून कमी.

आता हे दोन्ही खरं कसं? समर्थक पहिला आकडा सांगतो, विरोधक दुसरा. दोघंही खोटं बोलत नाहीत. समाधान म्हणजे त्रास नसणं नव्हे. मिळालं ते गेलं त्याहून मोठं वाटणं म्हणजे समाधान. आणि ते वाटणं माणसागणिक, कामागणिक बदलतं. दिवसा ऑफिसात बसणाऱ्याला दिव्याभोवतीचं वलय ही गंमत वाटेल. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बाराला चाकणहून तळवडेमार्गे निगडीला दुचाकीवर येणाऱ्याचं काय? समोरून कंटेनर अप्पर मारत येतोय, दुभाजक दिसत नाही, पाऊस आहे. त्याच्या बाबतीत तेच वलय जीवनमरणाचा प्रश्न होऊ शकतं. म्हणून आपण कुठं, किती वाजता, कसल्या उजेडात काम करतो हे डॉक्टरांना न विचारता सांगायचं. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत कमी होतो. काहींचा राहतो.

डोळ्यांच्या कोरडेपणाचंही तसंच. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत यायला महिने लागतात. तोवर डोळा आपण कोरडा पडलो हे धड सांगतही नाही. एसीतला संगणक, वेल्डिंगचा धूर, ग्राइंडिंगची धूळ यांत ते जास्त टोचतं. (तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगं घासून पोट भरायचा आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीच्या विकारानं गेला. काचेच्या धुळीनं ते वाढलं असावं असं म्हणतात. भोसरीच्या वर्कशॉपांतून जाताना आम्हाला हटकून त्याची आठवण येते. असो.) शस्त्रक्रियेनंतर काही काळ धूळ, पोहणं, डोळे चोळणं बंद ठेवावं लागतं. लग्न तीन आठवड्यांवर आलंय म्हणून घाईनं करून घेणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. अजून एक : नंतर दिलेल्या थेंबांत स्टेरॉइड असतं. बरं वाटतं म्हणून मेडिकलमधून परस्पर बाटल्या आणून महिनोन्‌महिने घालू नका. डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो, आणि ते झालेलं दुखून सांगत नाही.

मघाशी म्हणालो, डोळ्याची लांबी बदलत नाही. त्याचा अर्थ आता बघू. मोठ्या मायनस नंबरचा लांबलेला डोळा, आत ताणलेला, पातळ झालेला रेटिना, कडेला कधी बारीक छिद्रं. हे सगळं लेझरनंतर जसंच्या तसं असतं. रेटिना सुटण्याचा धोका चष्मा होता तेव्हा जेवढा, तेवढाच आता. फरक एवढाच की चष्मा असताना माणूस वर्षा-दोन वर्षांनी डॉक्टरकडे जायचा, आता जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून रेटिना तपासून घ्या आणि नंतरही अधूनमधून तपासत राहा. अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि ती फाइल. हे आम्ही कळवळून सांगतो. आमचे एक प्राध्यापक मित्र, चिंचवडला राहतात. ऐन चाळिशीच्या आधी त्यांनी लेसिक केलं. पंचवीसेक वर्षं खुशीत गेली. आता मोतीबिंदू झाला. भिंगाची पॉवर काढण्याची नेहमीची सूत्रं न छेडलेल्या कॉर्नियावर बेतलेली असतात. लेझरनं आकार बदललेला असला की गणित चुकू शकतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आधीचा नंबर किती होता? कॉर्नियाची जुनी मापं आहेत का?’ यांना लेसिकचं बिल सापडलं, मापं सापडली नाहीत. त्या दवाखान्यानं जुनी कागदपत्रं केव्हाच काढून टाकलेली. नवीन सूत्रांनी काम बरंच जमलं, तरी थोडा नंबर राहिला आणि त्यांना चष्मा लागला. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाबही खरा आहे त्यापेक्षा कमी भासतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, जाडी, नकाशा, दाब या कागदांचा फोटो काढा, घरच्या माणसाला पाठवा, सातबाऱ्यासारखे जपा. कुठल्याही नव्या डॉक्टरला ‘लेझर झालंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

चाळिशीबद्दल. आपल्या भाषेनं फार सुंदर शब्द करून ठेवलाय. चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. आतलं भिंग ताठर झाल्यानं जवळचं दिसेनासं होतं. कॉर्नियावरची शस्त्रक्रिया त्याला थांबवत नाही. मायनस दोनचा माणूस आयुष्यभर चष्मा काढून पेपर वाचू शकतो. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं दोन्ही डोळ्यांचा नंबर शून्य केला, तर दूरचा चष्मा जाईल आणि वाचायचा चष्मा दुसऱ्याच दिवशी लागेल. कित्येकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता परत त्या मुलाच्या प्रश्नाकडे. मोतीबिंदूत गेलेली दृष्टी परत मिळवायची असते. चष्म्यानं सहा बाय सहा दिसणाऱ्या माणसाची दृष्टी कुठं गेलेली नसते. तिथं आपण सोय विकत घेतो. सोय ही हलकी गोष्ट आहे असं आम्ही म्हणत नाही. भट्टीसमोर घामानं घसरणारा चष्मा, हेल्मेटमध्ये वाफ धरणारा चष्मा, स्थळ बघायला आलेल्यांचं ‘मुलीला चष्मा आहे का हो?’. शेवटचं कारण आम्हाला पटत नाही, पण ते सोसणाऱ्या मुलीला उपदेश करण्याचा अधिकारही आम्हाला नाही. मुद्दा एवढाच की आजारात उपचार न करणं हाही धोका असतो. इथं न केल्यास काहीच बिघडत नाही. म्हणून इथं डॉक्टरनं जास्त सांगायला हवं आणि रुग्णानं जास्त विचारायला हवं. विम्याचाही दृष्टिकोन असाच आहे. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च सहसा वगळलेला असतो.

2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रुग्णाची संमती खरी असायला हवी : उपचार काय, कशासाठी, फायदे, पर्याय, मोठे धोके, न केल्यास काय, एवढं डॉक्टरनं सांगितलंच पाहिजे. पण दूरच्या, क्वचित घडणाऱ्या शक्यता सांगायलाच हव्यात असं न्यायालयानं म्हटलं नाही. म्हणजे तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा असलेला क्वचित धोका विचारणं तुमच्यावर आलं. संमतिपत्र ऑपरेशनच्या खोलीबाहेर, हिरवा गाऊन घालून, इंग्रजीत वाचायचं नसतं. आदल्या आठवड्यात मागा, मराठीत मागा, घरी न्या.

काही साध्या अटी भरभर सांगतो. वय अठरा पूर्ण आणि वर्षभर नंबर स्थिर. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना नको. मुरमांसाठी गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यातल्या काही डोळे फार कोरडे करतात. सॉफ्ट लेन्स तपासणीआधी एक-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस काढून ठेवाव्या लागतात, नाहीतर नकाशाच खोटा येतो. आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनो, आधी त्या त्या पदाची वैद्यकीय अट वाचा. सैन्यदलांत काही शाखांना विशीनंतर केलेली आणि वर्ष उलटलेली शस्त्रक्रिया अटींसह चालते, काही प्रवेशांना अजिबात नाही. क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर डोळा देऊ नका.

‘डॉक्टर स्वतः चष्मा का लावतात मग?’ हा प्रश्न आम्हाला दर वेळी येतो. तर्कशास्त्राच्या परीक्षेत याला शून्य गुण. डॉक्टरांचं वय पन्नास असेल, कॉर्निया पातळ असेल, चष्मा आवडत असेल. त्यांच्या नाकावरून तुमच्या डोळ्याचा निष्कर्ष निघत नाही.

आता प्रश्न घेऊ. त्या ताई विचारतायत, मुलगी सतरा वर्षांची, नंबर दर वर्षी वाढतो, लेझरनं वाढ थांबेल का? नाही. लेझर आहे तो नंबर उतरवतो, वाढ थांबवत नाही. वाढत्या डोळ्यावर केलं तर नंबर पुन्हा येईल. लहान मुलांना रोज उघड्यावर खेळू दिल्यानं मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं असं दिसलंय, आणि वाढ मंदावणारे थेंबही डॉक्टर देतात. तुमच्या मुलीच्या वयाला त्याचा किती उपयोग, ते त्यांना विचारा.

मागून कुणीतरी विचारलं, ‘सर, तुम्ही केलं असतं का?’ तिशीत विचारलं असतंत तर बहुधा हो, वर्गात फळा पुसताना चष्म्यावर खडूची भुकटी बसायची त्याचा फार वैताग यायचा. दोन वर्षांपूर्वी आमचं मोतीबिंदूचं झालं. भिंग बसवण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, दूरचं बिनचष्म्याचं हवं की जवळचं? सत्तर वर्षं मायनस दोनचे. चष्मा काढून उशीशी पुस्तक धरायची सवय. आम्ही जवळचं मागितलं. तुम्ही सगळे आम्हाला स्पष्ट दिसताय, ते या चष्म्यामुळे.